‘ॲजिटेट’ म्हणजे ‘संघर्ष करा’ नव्हे



या सदरात आपण इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या क्रियापदांच्या जोड्या घेत असतो. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ झाले, ‘से’ आणि ‘टेल’ झाले. या आठवड्यात ‘होप’ आणि ‘विश’ यांची पाळी होती. पण मधेच एक फोन आला आणि ती जोडी पुढच्या अंकावर ढकलावी लागली.

फोन अहमदपूरच्या अलीकडच्या एका गावातून होता. नांदेडहून लोह्यामार्गे लातूरला जाताना लागणारे हे गाव. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या मुलांनी विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली आहे. तिची पाटी रंगवायची होती. वरच्या ओळीत ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे मराठीत लिहून झाले होते. खाली इंग्रजीत काय लिहायचे यावरून वस्तीत तट पडले. एका तटाचे म्हणणे, वरच्या क्रमाप्रमाणे ‘एज्युकेट, ऑर्गनाइज, ॲजिटेट’ लिहा. दुसरा तट म्हणे, बाबासाहेबांचा क्रम ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’ असा आहे, तेव्हा वरची मराठी ओळच चुकली आहे, ती पुसा. लातूरला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणारा एक मुलगा म्हणाला, ‘संघर्ष’ला सरळ इंग्रजी शब्द ‘स्ट्रगल’ आहे, तो लिहा आणि वाद मिटवा. पेंटर ब्रश धुऊन बसून होता. ‘सर, लवकर सांगा, त्याला उदगीरला दुसरं काम हाय,’ असे मला सांगण्यात आले.

फोनवर दोन वाक्यांत सांगण्याजोगे हे नव्हते. शिवाय भांडण पेंटरचे नव्हते, शब्दांचे होते, आणि शब्दांचे भांडण समोरासमोर बसूनच मिटते. पेंटरला म्हटले, उदगीरचे काम करून ये. रविवारी वंदनेच्या वेळी मीच गावी गेलो. तिथे जे बोलणे झाले ते इथे थोडे नीटनेटके करून देत आहे, कारण हा प्रश्न त्या एका पाटीपुरता नाही. आपल्या किती विहारांवर, किती जयंती मंडळांच्या पत्रिकांवर ही तीन क्रियापदे असतात, आणि किती जणांनी त्यांचा अर्थ एकदा तरी उलगडून पाहिला असेल?

आधी ‘स्ट्रगल’ घेऊ. हा शब्द आपल्या बोलण्यात आता मराठीच झाला आहे. ‘पोराने लय स्ट्रगल केला’ असे आजीसुद्धा म्हणते. मूळचा अर्थ अंगाचा आहे : धडपडणे, झटापट करणे, सुटण्यासाठी हातपाय झाडणे. गोदावरीत जाळ्यात सापडलेला मासा जे करतो ते ‘स्ट्रगल’. त्यावरून पुढे जे जे कष्टाने, अडथळ्याशी झगडत करावे लागते त्या सगळ्याला हा शब्द लागला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर घर, शेत, माणसे गमावलेल्या कुटुंबांनी संसार पुन्हा उभा करण्यासाठी जे केले, ते इंग्रजीत ‘स्ट्रगल’. तिथे ‘ॲजिटेट’ बसणार नाही.

या क्रियापदाची एक खूण लक्षात ठेवा. ते अकर्मक आहे. तुम्ही स्वतः ‘स्ट्रगल’ करता. दुसऱ्याला ‘स्ट्रगल’ करता येत नाही. कशाशी झगडता ते सांगायचे तर पुढे ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’ येते, कशासाठी ते सांगायचे तर ‘फॉर’ येते, आणि अमुक करताना मेटाकुटीला आलो असे म्हणायचे तर ‘टू’ येते. ‘ही स्ट्रगल्ड टू रीड’ म्हणजे त्याला वाचायला फार जड गेले. ‘अ स्ट्रगलिंग स्टुडंट’ म्हणजे अभ्यासात मागे पडणारा, अडखळणारा विद्यार्थी. आपली मुले मुलाखतीत स्वतःचे कष्ट सांगायला ‘आय ॲम अ स्ट्रगलिंग स्टुडंट’ म्हणतात. ऐकणारा समजतो, या मुलाला अभ्यास झेपत नाही. सांगायचे होते कौतुक, झाली तक्रार.

आता ‘ॲजिटेट’. हा शब्द लॅटिनमधून आला आहे. मूळ अर्थ हलवणे, गती देणे, पुन्हा पुन्हा ढवळणे. कपडे धुण्याच्या यंत्रात मधोमध जो फिरणारा दांडा असतो त्याला इंग्रजीत ‘ॲजिटेटर’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात द्रावण ढवळायला सांगताना हेच क्रियापद येते. घरात आपण ताक करतो तेव्हा रवी जे करते ते ‘ॲजिटेट’. म्हणजे इथे कर्म हवे : कोणाला तरी, कशाला तरी ढवळायचे आहे. मघाच्या माशाकडे परत या. मासा स्वतः ‘स्ट्रगल’ करतो, आणि त्या धडपडीत तो पाण्याला ‘ॲजिटेट’ करतो. दोन्ही क्रिया एकाच माशाच्या, एकाच वेळच्या, पण एक स्वतःपुरती आणि दुसरी भोवतालच्या पाण्यावरची. दोन्ही क्रियापदांतला फरक एवढ्यात येतो.

पाण्यावरून माणसांवर हा शब्द गेला तेव्हा अर्थ झाला लोकांची मने ढवळणे, जो प्रश्न लोकांनी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिला आहे तो त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा आणणे, त्यांना स्वस्थ बसू न देणे. वकिलांच्या इंग्रजीत हा अर्थ आजही जसाच्या तसा जिवंत आहे. आपल्या न्यायालयांच्या निकालपत्रांत ‘हा मुद्दा खालच्या कोर्टात ॲजिटेट केला गेला नव्हता’ अशा धर्तीची वाक्ये सर्रास दिसतात. तिथे कोणी मोर्चा काढलेला नसतो. मुद्दा उपस्थित केला नव्हता, लावून धरला नव्हता, एवढाच अर्थ. बाबासाहेब बॅरिस्टर होते हे इथे विसरू नये.

मग ‘ॲजिटेट फॉर’ आणि ‘ॲजिटेट अगेन्स्ट’ असे प्रयोग आले. एखाद्या मागणीसाठी किंवा एखाद्या अन्यायाविरुद्ध लोकमत उठवणे. इथे कर्म दिसत नाही, पण ते गृहीत आहे : उठवायचे लोकांनाच. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांना आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांबद्दल ‘लातूर स्ट्रगल्ड फॉर वॉटर’ म्हटले तर अर्थ होईल, घागरभर पाण्यासाठी लोक रात्र रात्र टँकरची वाट पाहत, वणवण करत होते. ‘पीपल ॲजिटेटेड फॉर वॉटर’ म्हटले तर अर्थ होईल, पाण्याच्या मागणीसाठी लोकांनी आवाज उठवला, इतरांना उठवले. पहिल्या वाक्यात घागर घेऊन रांगेत उभी असलेली बाई आहे. दुसऱ्या वाक्यात तीच बाई रांगेतल्या बाकीच्या बायकांशी बोलू लागली आहे.

या शब्दाला एक शिवीचीही बाजू आहे. इंग्रज अधिकारी आपल्या देशातल्या पुढाऱ्यांना ‘ॲजिटेटर’ म्हणत ते नाक मुरडून. त्यांचा समज असा की लोक मुळात सुखी आहेत आणि हे शिकलेले लोक येऊन त्यांना ढवळतात. हा समज इंग्रजांबरोबर गेला नाही. आपल्या खेड्यात काही घडले की पहिले वाक्य काय ऐकू येते? ‘गाव गुण्यागोविंदाने नांदत होतं, बाहेरच्यांनी येऊन भडकवलं.’ ढवळणारा आपला असला की आपण ‘जागे केले’ म्हणतो, दुसऱ्याचा असला की ‘भडकवले’. परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र एक नोंद करून ठेवावी. गुन्हा करायला चिथावणे यासाठी इंग्रजीत ‘इन्साइट’ आणि ‘इन्स्टिगेट’ ही निराळी क्रियापदे आहेत. ‘ॲजिटेट’मध्ये गुन्ह्याचा वास नाही.

इथवर आलो तेव्हा विहारातल्या एका वयस्क उपासिकेने विचारले, ‘सर, माझी नात म्हणती ॲजिटेट म्हणजे मन सैरभैर होणं. तथागतांनी तर मन शांत करायला सांगितलं. मग बाबासाहेब आपल्याला सैरभैर व्हा म्हणतील का?’ असा प्रश्न मला तीस वर्षांच्या नोकरीत एकाही वर्गात कोणी विचारला नव्हता.

नातीचे म्हणणे चुकीचे नाही. ‘ॲजिटेटेड’ हे धातुसाधित विशेषण आहे आणि त्याचा अर्थ खरोखरच बेचैन, क्षुब्ध, घाबराघुबरा असा होतो. ‘शी वॉज ॲजिटेटेड’ म्हणजे ती अस्वस्थ झाली होती. ‘शी वॉज ॲजिटेटिंग’ म्हणजे ती आंदोलन करीत होती. शेवटच्या दोन अक्षरांत माणूस ढवळणारा आहे की ढवळला गेलेला, हे ठरते. ‘वुई आर ॲजिटेटेड फॉर स्कॉलरशिप’ असे अर्जात लिहिलेले मी पाहिले आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते, शिष्यवृत्तीसाठी आम्ही आंदोलन करीत आहोत. कागदावर उतरले, शिष्यवृत्तीपायी आमची मनःस्थिती बिघडली आहे. (दोन्ही खरे असू शकते, ही गोष्ट वेगळी.)

आणि धम्माच्या बाजूने पाहिले तर पाच नीवरणांमध्ये उद्धच्च-कुक्कुच्च हे एक सांगितले आहे. मनाची चळवळ आणि पश्चात्तापाची टोचणी. इंग्रजी भाषांतरांत त्यासाठी कुठे ‘रेस्टलेसनेस’ तर कुठे ‘ॲजिटेशन’ हा शब्द मिळतो. तेव्हा आजींचा प्रश्न शब्दाला धरूनच होता. पण स्वतःच्या मनाला ढवळू न देता दुसऱ्याचे झोपी गेलेले मन ढवळता येते की नाही? रवी ताक घुसळते तेव्हा रवीचे ताक होत नाही.

महाडचे उदाहरण इथे अगदी चपखल आहे. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण तीन वर्षे त्या पाण्याला कोणी हात लावला नाही. कायदा होता, हक्क होता, तहानही होती. नव्हते काय? मने ढवळलेली नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली, भाषणे झाली, आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसे शिस्तीत चालत तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. हे ‘ॲजिटेट’. त्यानंतर अफवा उठली, परिषदेसाठी आलेल्यांवर हल्ला झाला, लोक जखमी झाले. तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. इतक्या माणसांची मने त्यांनी ढवळली होती आणि स्वतः मात्र ढवळले गेले नव्हते. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा दाखल झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. पाण्याला हात लावल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे. ही दहा वर्षे ‘स्ट्रगल’.

आजी म्हणाल्या, ‘म्हणजे चूल चेतवणं येगळं आन् रांधत बसणं येगळं.’ मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते. ‘चेतवणे’ हाच शब्द मराठीत ‘ॲजिटेट’च्या सगळ्यात जवळचा आहे. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे ब्रीद मराठीत ‘शिकवा, चेतवा, संघटित करा’ असे सांगितले जाते. ज्याने कोणी तिथे ‘चेतवा’ घातले त्याला दोन्ही भाषा चांगल्या येत असणार. चूल चेतवली जाते, चेतनाही त्याच धातूतून येते, आणि ‘चेतवा’ म्हटल्यावर लगेच विचारावेसे वाटते : कोणाला?

हे ‘कोणाला’ फार महत्त्वाचे आहे आणि पाटीच्या वादात ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. ‘शिका’ या शब्दाला इंग्रजी काय? ‘लर्न’. ‘एज्युकेट’ म्हणजे शिका नव्हे, शिकवा, शिक्षण द्या. स्वतः शिका असेच म्हणायचे असेल तर इंग्रजीत ‘एज्युकेट युवरसेल्फ’ असे स्वतःला कर्म करून सांगावे लागते. नुसत्या ‘एज्युकेट’चा अर्थ ‘शीक’ असा कधीच होत नाही. ‘ऑर्गनाइज’ दोन्हीकडे चालते. कामगार स्वतः संघटित झाले तरी ‘ऑर्गनाइज’, कोणी त्यांना संघटित केले तरी ‘ऑर्गनाइज’. पण मराठी घोषणेतली तिन्ही क्रियापदे पाहा : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. तिन्ही ऐकणाऱ्यापाशी येऊन थांबतात. मी शिकायचे, मी संघटित व्हायचे, मी संघर्ष करायचा. इंग्रजी ओळीतली पहिली दोन क्रियापदे ऐकणाऱ्याला दुसऱ्या माणसाकडे पाठवतात.

१९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. तिथल्या भाषणाच्या शेवटी बाबासाहेबांनी अखेरचा सल्ला म्हणून हीच तीन क्रियापदे ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’ या क्रमाने सांगितली आणि स्वतःवर विश्वास ठेवा असे जोडले. ही त्रयी त्यांनी घडवलेली नव्हती. १८८० च्या दशकात लंडनच्या समाजवाद्यांच्या तोंडी ती होती, आणि बाबासाहेबांची विद्यार्थीदशेतली काही वर्षे लंडनमध्ये गेली. पण नागपूरच्या भाषणात मला लक्षणीय वाटते ते पुढचे. लगेचच्या वाक्यांत त्यांनी ‘बॅटल’, म्हणजे लढाई, हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला आहे. ही लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नाही, स्वातंत्र्यासाठी आहे, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असा त्याचा आशय. म्हणजे लढाईसाठी त्यांच्यापाशी शब्द होता आणि तो त्यांनी वेगळा वापरलाही. ‘ॲजिटेट’ने त्यांना लढाई म्हणायचे असते तर तिथेच म्हटली असती. ज्यांना बोलताना शब्द तोलून घ्यायची सवय होती त्यांनी दोन शब्द वापरले असतील तर आपण त्यांचा एक करू नये.

त्याच वेळी नागपूरला महिलांचीही परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी बायकांना सांगितले ते थोडक्यात असे : स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा. समोर बसलेल्या त्या काळच्या आयाबायांत लिहिता-वाचता येणाऱ्या किती असतील? ‘एज्युकेट’चा अर्थ ‘शिका’ एवढाच असता तर त्यांना त्यात काही काम उरले नसते. पण शिकवण्यासाठी, शाळेत घालण्यासाठी, ‘तू मोठा हो’ म्हणून पोराचे मन चेतवण्यासाठी त्यांना स्वतः अक्षर यावे लागत नव्हते. माझी आई अंगठा उठवायची. सकाळी उठवून कंदिलापाशी बसवायची ती. आज कळते, तिने दोन क्रियापदे पाळली होती, आणि ‘शिका’ त्यांच्यात नव्हते.

उलट बाजू सांगायलाच हवी. आम्ही शिकलो. नोकरी लागली, नांदेडला नाहीतर लातूरला फ्लॅट झाला, आणि वस्तीत येणे जयंतीपुरते उरले. ‘शिका’ या क्रियापदाची आम्ही तंतोतंत अंमलबजावणी केली. ‘एज्युकेट’ राहून गेले. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला अशी खंत बोलून दाखवली. तिच्याविषयी आपण खूप ऐकतो, आणि ऐकताना प्रत्येकाला शेजारच्या शिकलेल्याची आठवण होते. मलाही होते.

मग काय, आपली मराठी घोषणा चुकीची? दुसऱ्या तटाचे हेच म्हणणे होते, आणि इथे मला त्या तटाला थांबवावे लागले. ‘संघर्ष’ हा शब्द कोणी गंमत म्हणून घातलेला नाही. ‘शिका’, ‘संघटित’, ‘संघर्ष’ हे शब्द मोर्च्यात एका दमात निघतात, त्यांचा आवाज एकमेकांना धरून आहे. आणि क्रम पाहा. आधी संघटित व्हा, मग संघर्ष करा. मराठवाड्यातल्या माणसाला हा क्रम पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांवर जे ओढवले ते ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे की एकट्यादुकट्या घराने संघर्ष करणे म्हणजे काय. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना त्या दिवसांत जिवे मारले गेले. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे. या साडेपंधरा वर्षांना ‘ॲजिटेशन’ म्हणा, वर्तमानपत्रांनी म्हटलेच आहे. पण त्यांत घर जळालेल्यांनी जे सोसले ते ‘ॲजिटेशन’ या शब्दात मावत नाही. त्याला ‘संघर्ष’च म्हणावे लागते.

म्हणजे असे : ‘संघर्ष’ हे क्रियापद असेल तर तो शेवटीच यायला हवा, कारण विखुरलेल्या माणसांनी संघर्ष केला तर ती चिरडली जातात. ‘ॲजिटेट’ हे क्रियापद असेल तर ते मधेच यायला हवे, कारण न ढवळलेली माणसे एकत्रच येत नाहीत. ताक घुसळल्याशिवाय लोणी गोळा होत नाही. लोणी गोळा झाल्यावर घुसळत बसण्यात अर्थ नाही. क्रम वेगळा आहे तो क्रियापद वेगळे आहे म्हणून. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका ओळीतला शब्द काढून दुसऱ्या ओळीच्या क्रमात बसवला की. ‘एज्युकेट, ऑर्गनाइज, ॲजिटेट’ म्हणजे तशी सरमिसळ. आणि ‘एज्युकेट, ऑर्गनाइज, स्ट्रगल’ हे त्या क्लासच्या मुलाचे भाषांतर ‘एज्युकेट’ सोडले तर शब्दाला शब्द बरोबर आहे, पण ते बाबासाहेबांचे वाक्य नाही. त्यांचे नाव खाली लिहायचे असेल तर ते लिहिता येणार नाही.

जाता जाता एक गंमत. ‘ॲजिटेशन’ला मराठीत आपण ‘आंदोलन’ म्हणतो. आंदोलन म्हणजे झोका, हेलकावा. शाळेत घड्याळाच्या लंबकाचे ‘दोलन’ शिकवतात तेच हे. आणि ‘संघर्ष’मध्ये घर्षण आहे, एकमेकांवर घासणे. एक शब्द हलवण्याचा, दुसरा घासण्याचा. आपल्या भाषेने हा फरक आधीच करून ठेवला होता, आपणच तो वाचत नव्हतो.

पाटीचे काय झाले ते सांगतो. वरची मराठी ओळ तशीच ठेवायची ठरले. ती चळवळीची ओळ आहे, तिच्याखाली कोणाचे नाव नाही. मध्ये एक बोट जागा सोडून खाली इंग्रजीत ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’, आणि त्याखाली बाबासाहेबांचे नाव. वरच्याचे खाली भाषांतर आहे असे कोणाला वाटू नये म्हणून दोन ओळींना दोन रंग : वर पांढरा, खाली पिवळा. क्लासच्या मुलाने सुचवले की दर रविवारी वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गातल्यांना तासभर इंग्रजी शिकवावे. पहिला रविवार त्यानेच घ्यायचा असे बाकीच्यांनी लगेच ठरवूनही टाकले. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

उदगीरचे काम आटोपून आलेला पेंटर शिडीवर चढला आणि ‘ऑर्गनाइज’पाशी अडला. शेवटून दुसरे अक्षर ‘एस’ काढू की ‘झेड’? पुन्हा दोन तट पडू लागले. मी सांगितले, अमेरिकेत ‘झेड’ लिहितात, इंग्लंडात दोन्ही चालते, आणि बाबासाहेब दोन्ही देशांत शिकले. पेंटर म्हणाला, ‘मग एसच काढतो सर. झेड माझा वाकडा येतो.’